निवडणुकीचे कंत्राटदार आणि पक्षाचा कार्यकर्ता

(अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



निवडणुकीचा निकाल लागला की विजयी उमेदवाराचे छायाचित्र छापून येते आणि पराभूत उमेदवाराच्या चुकांची यादी छापून येते. ज्याने ती निवडणूक आखली, कोणता शब्द केव्हा उच्चारावा आणि कोणता मुळीच उच्चारू नये हे ज्याने ठरवले, त्याचे नाव मात्र बहुधा कोठेच येत नाही. भारतात गेल्या काही वर्षांत ही स्थिती थोडी पालटली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर प्रशांत किशोर हे नाव सर्वतोमुखी झाले आणि ‘निवडणूक-रणनीतिकार’ हा एक प्रतिष्ठित व्यवसाय होऊन बसला. आता जवळजवळ सर्व मोठे पक्ष अशा व्यावसायिकांचा आश्रय घेतात. समाजवादी वर्तुळातही एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : मग आपल्याच पक्षाने असा एखादा माणूस का नेमू नये?

प्रश्न गंभीर आहे. नीतीचा नुसता उद्घोष करून त्याला उत्तर देता येणार नाही. हा धंदा कोठे जन्मला, कोणासाठी व कोणाविरुद्ध जन्मला, त्याचे अर्थकारण कसे चालते, हे आधी पाहिले पाहिजे. तो इतिहास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सुरू होतो. आणि या धंद्याच्या पहिल्या मोठ्या मोहिमेत ज्याचा पराभव घडवून आणला गेला तो माणूस आयुष्यभर समाजवादी म्हणून वावरलेला एक लेखक होता.

रिकामी झालेली जागा

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची हुकमत होती. ती मोडण्याचे वचन देऊन हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले आणि १९११ मध्ये त्यांनी लोकांना थेट कायदा सुचवण्याचा, विधिमंडळाने केलेला कायदा जनमतास टाकण्याचा आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीस परत बोलावण्याचा अधिकार मिळवून दिला. त्यानंतर १९१३ पासून एकाच उमेदवारास दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुका लढवण्याची मुभा मिळाली. हेतू शुद्ध होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. धनिकांच्या ताब्यातील जुनी पक्षयंत्रणा खिळखिळी झाली, पण तिच्या जागी जनतेची नवी संघटना उभी राहिली नाही. मतपत्रिकेवर एकामागून एक प्रश्न येऊ लागले आणि ते मतदारांना समजावून सांगणारा गावोगावचा कार्यकर्ता मात्र दिसेनासा झाला.

निसर्गाप्रमाणे राजकारणातही पोकळी टिकत नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९३३ मध्ये क्लेम व्हिटेकर व लिओन बॅक्स्टर या दोघांनी ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाची कंपनी काढली. राजकीय मोहिमा कंत्राटाने चालवणारी ही जगातील पहिली कंपनी मानली जाते. व्हिटेकर मूळचे वार्ताहर. राज्याच्या राजधानीतून लहान वृत्तपत्रांना बातम्या पुरवण्याचा त्यांचा उद्योग होता. बॅक्स्टर यांनीही वृत्तपत्रात काम केले होते आणि पुढे त्या एका गावच्या व्यापारी मंडळाचा कारभार पाहत होत्या. त्यांचे पहिले यश एका सार्वजनिक कामाच्या बाजूचे होते, हे नमूद केले पाहिजे. सेंट्रल व्हॅलीमधील धरण-कालव्यांची सरकारी योजना हाणून पाडण्यासाठी ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ या वीज कंपनीने तिच्यावर जनमत घेण्यास भाग पाडले. व्हिटेकर व बॅक्स्टर यांनी अल्प खर्चात योजनेची बाजू लढवून ती वाचवली. पराभूत वीज कंपनीने पुढे काय केले? तिने याच दोघांना वार्षिक मेहनतान्यावर आपल्या पदरी घेतले. कंत्राटदाराची बाजू कोणती, या प्रश्नाचे उत्तर त्या एका व्यवहारातच मिळून गेले.

सिंक्लेअर यांचा पराभव

१९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. कॅलिफोर्नियात फळे झाडावर कुजत होती, कारखाने बंद होते आणि ती फळे खाण्यास व ते कारखाने चालवण्यास सिद्ध असलेली माणसे रस्त्यावर होती. शिकागोच्या खाटिकखान्यांवरील १९०६ च्या ‘द जंगल’ या कादंबरीने जगप्रसिद्ध झालेले अप्टन सिंक्लेअर यांनी या विसंगतीवर बोट ठेवले. समाजवादी पक्षातर्फे ते पूर्वी अनेकदा उभे राहून पडले होते. आता डेमोक्रॅटिक पक्षात शिरून त्यांनी ‘कॅलिफोर्नियातील दारिद्र्याचा अंत’ हा कार्यक्रम मांडला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एपिक’ म्हणून ओळखला गेला. पडीक जमीन व बंद कारखाने सरकारने हाती घ्यावेत, बेकारांनी तेथे स्वतःच्या उपभोगासाठी उत्पादन करावे आणि गरजू वृद्धांना दरमहा ५० डॉलर निवृत्तिवेतन द्यावे, असा त्याचा गाभा होता. राज्यभर शेकडो एपिक मंडळे निघाली. १९३४ च्या ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत सिंक्लेअर यांना ४ लाख ३० हजारांहून अधिक मते पडली. पक्षातील त्यांच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित मतांपेक्षाही ती जास्त होती.

मतदानास दोन महिने उरले होते. उपगव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवाराने आणि सिंक्लेअरविरोधी आघाडीने व्हिटेकर-बॅक्स्टर यांना काम दिले. या दोघांनी सिंक्लेअर यांच्या योजनेचे हिशेब तपासले नाहीत. त्यांनी तीन दिवस दार बंद करून सिंक्लेअर यांची पुस्तके वाचून काढली आणि त्यांतून वाक्ये वेचली. बरीच वाक्ये कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची होती. विवाहसंस्थेवर वैतागलेले एखादे पात्र, धर्मगुरूंवर संतापलेले दुसरे पात्र, या सर्वांची मते लेखकाची म्हणून मतदारांपुढे ठेवली गेली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर आठवड्यामागून आठवडे रोज अशी एक चौकट झळकत राहिली. उद्या एखाद्या नाटककाराच्या खलनायकाचे संवाद उतरवून घेऊन ‘पहा, हे यांचे विचार’ असे कोणी छापले, तर तो जसा अप्रामाणिकपणा होईल, तसाच हा होता.

त्याच वेळी हॉलिवूडमध्ये एमजीएम या चित्रसंस्थेने वृत्तचित्रांच्या नावाखाली खोटी दृश्ये तयार करून चित्रगृहांत दाखवली. सिंक्लेअर निवडून येणार म्हणून देशभरातील भटके बेकार राज्यात लोटत आहेत, असा त्यांचा आशय. चित्रसंस्थांनी आपल्या नोकरांच्या पगारातून एक दिवसाचे वेतन विरोधी उमेदवाराच्या निधीसाठी कापून घेतले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वतःच्याच पक्षाच्या या उमेदवारास पाठिंबा दिला नाही. नोव्हेंबरात निकाल लागला : फ्रँक मेरियम ११ लाखांहून अधिक मते, सिंक्लेअर ८ लाख ७९ हजार, तिसरे उमेदवार सुमारे ३ लाख.

पुढे अनेक वर्षांनी बॅक्स्टर यांनी मान्य केले की ती अवतरणे गैरलागू होती. सिंक्लेअर यांना गव्हर्नर होऊ द्यायचे नाही, एवढाच त्यांचा उद्देश होता. या कबुलीत द्वेष नाही, आणि विचार करण्याजोगे आहे ते तेच. समाजवादाचा वैरी समाजवादाशी निदान वाद तरी घालतो. कंत्राटदार वाद घालतच नाही, कारण वाद घालणे हे त्याच्या कामात मोडत नाही.

धंद्याचे अर्थकारण

ही कंपनी कोणत्याही जादूवर चालत नव्हती. तिची रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक अभ्यासावी अशी आहे. मोहिमेच्या आखणीचा मेहनताना एका हाताने मिळे. त्याच मोहिमेच्या जाहिराती स्वतःच्याच जाहिरातसंस्थेमार्फत दिल्या जात आणि त्यांवरील दलाली दुसऱ्या हाताने मिळे. कंपनीची एक लेखसेवाही होती; ती राज्यातील शेकडो लहान वृत्तपत्रांना तयार अग्रलेख, व्यंगचित्रे व स्फुटे विनामूल्य पुरवी. ग्रामीण भागातील पत्राचा संपादक बहुधा मालक, बातमीदार आणि जुळारी असा सर्व काही एकटाच असे. फुकट आलेला नेटका मजकूर तो आपलाच म्हणून छापी. शिवाय त्याच टपालात जाहिरातीची आशा असे. अशा रीतीने पैसा एका टोकाने आत शिरे आणि दुसऱ्या टोकाने ‘लोकमत’ होऊन बाहेर पडे.

या दोघांचे नियमही सुटसुटीत होते. विषय सोपा करा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा. बचाव करू नका, हल्ला करा. प्रत्येक मोहिमेला शत्रू हवा. नसेल तर तो निर्माण करा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, जितके अधिक समजावून सांगावे लागेल तितका पाठिंबा मिळणे कठीण. सामान्य माणसाला शिकण्याची वा चांगला नागरिक होण्याची इच्छा नसते, त्याला झुंज हवी असते किंवा तमाशा, असे व्हिटेकर यांनी १९४८ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंपुढील भाषणात उघडपणे प्रतिपादन केले. ज्या चळवळीचे सारे बळ लोकशिक्षणात आहे, तिच्या मुळावर घातलेला हा घाव होता.

आजारी मूल आणि राजकारण

या तंत्राची खरी किंमत आरोग्याच्या प्रश्नावर मोजावी लागली. १९४२ मध्ये अर्ल वॉरन यांना गव्हर्नर करण्याची मोहीम याच कंपनीने चालवली होती. १९४४ मध्ये वॉरन आजारी पडून रुग्णालयात गेले आणि साध्या कुटुंबाला असा आजार कसा धुळीस मिळवील याची त्यांना जाणीव झाली. १९४५ मध्ये त्यांनी कामगार व मालक या दोघांच्या वर्गणीतून चालणारी सक्तीची आरोग्यविमा योजना मांडली. हा गृहस्थ समाजवादी नव्हता, रिपब्लिकन होता. डॉक्टरांच्या राज्य संघटनेने त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच जुन्या कंत्राटदारांना नेमले. जर्मनीशी युद्ध चालू असताना ‘सक्तीचा विमा ही जर्मनीतली चीज आहे’ असे लोकांच्या मनावर बिंबवण्यात आले. कंपनीची माणसे शेकडो संपादकांना समक्ष जाऊन भेटली. विमा योजनेस विरोध करणाऱ्या पत्रांची संख्या सुमारे १०० वरून ४०० च्या वर गेली. विधेयक पडले.

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन निवडून आले. राष्ट्रीय आरोग्यविमा हा त्यांचा आग्रहाचा विषय होता. तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची पट्टी बसवली आणि वर्षाला १ लाख डॉलर मेहनतान्यावर व्हिटेकर-बॅक्स्टर यांना बोलावले. सुमारे साडेतीन वर्षांत या मोहिमेवर ५० लाख डॉलरच्या घरात खर्च झाला. १९५० च्या ऑक्टोबरात केवळ दोन आठवड्यांच्या जाहिरातींवर १० लाखांहून अधिक डॉलर उधळले गेले. समाजीकृत वैद्यक हा समाजवादी राज्याच्या कमानीचा मुख्य दगड आहे, असे लेनिन यांनी म्हटल्याचे एका पुस्तिकेत छापले होते. अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयाने शोध घेतला तेव्हा लेनिन यांच्या लेखनात असे वाक्य सापडले नाही. पुस्तिका मात्र दवाखान्यांतून वाटल्या जातच राहिल्या.

डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहांत एक चित्र लावले गेले. ब्रिटिश चित्रकार ल्यूक फिल्डेस यांचे हे १८९१ मधील चित्र : गरिबाच्या झोपडीत दोन खुर्च्यांवर निजवलेले आजारी मूल, शेजारी चिंतामग्न डॉक्टर, मागे हतबल आईबाप. त्याखाली मजकूर होता : या चित्रात राजकारण येऊ देऊ नका. गरिबाच्या मुलाला डॉक्टर मिळावा यासाठीची योजना त्या गरिबाच्याच मुलाचे चित्र दाखवून बुडवण्यात आली. ट्रुमन यांची योजना संमत झाली नाही. वृद्ध व निर्धन यांच्यासाठीच्या योजना येण्यास १९६५ साल उजाडावे लागले. २०१० च्या कायद्यानंतरही २०२३ मध्ये त्या श्रीमंत देशात अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना होती. पडद्यामागच्या कामाची फळे पडद्यापुढे बसलेल्या सामान्य माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या भोगतात.

ते अजिंक्य होते काय?

१९३३ ते १९५५ या काळात कंपनीने हाती घेतलेल्या ७५ मोहिमांपैकी ७० जिंकल्या, असे सांगितले जाते. हा आकडा ऐकून धीर सुटू शकतो. म्हणून १९३४ च्या निकालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिंक्लेअर पडले, परंतु त्यांच्या चळवळीतील दोन डझनांच्या आसपास उमेदवार राज्य विधिमंडळात निवडून आले. त्यांच्यातील कल्बर्ट ओल्सन चारच वर्षांनी, १९३८ मध्ये, गव्हर्नर म्हणून विजयी झाले. एका माणसाची प्रतिमा सहा आठवड्यांत काळी करता आली. गल्लोगल्ली बसणारी एपिक मंडळे मात्र त्या चौकटींनी पुसली गेली नाहीत. जेथे संघटना होती, तेथे कंत्राटदाराचे शस्त्र बोथट झाले.

याचा अर्थ पडद्यामागचे काम कमी प्रतीचे, असाही कोणी करू नये. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख लोकांचा जो मोर्चा झाला, त्याचे मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण सर्वांना ठाऊक आहे. तो मोर्चा दोन महिन्यांत उभा करणारे बेयर्ड रस्टिन यांचे नाव तितके ठाऊक नाही. रस्टिन समाजवादी होते. गांधीविचाराचा शोध घेत १९४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले होते. त्यांची समलिंगी वृत्ती आणि तरुणपणीचा कम्युनिस्ट संबंध विरोधकांच्या हाती लागेल या भीतीने चळवळीतीलच काहींनी त्यांना प्रमुखपद देण्यास हरकत घेतली. तेव्हा वृद्ध कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी संचालकपद स्वतःकडे घेतले व रस्टिन यांना उपसंचालक नेमून सारे काम त्यांच्यावर सोपवले. किती बसगाड्या लागतील, पिण्याच्या पाण्याची सोय कोठे असेल, उन्हात न नासणारा कोणता फराळ बरोबर आणावा, येथपर्यंतच्या सूचना त्यांनी लिहून काढल्या. आणि त्या दिवशी किमान वेतनासह मोर्चाच्या मागण्या व्यासपीठावरून वाचून दाखवल्या त्याही रस्टिन यांनीच.

व्हिटेकर आणि रस्टिन, दोघेही आखणी करणारे, दोघेही पडद्यामागचे. मग फरक कोठे आहे? रस्टिन चळवळीला बांधलेले होते आणि त्यांची आखणी लोकांना एकत्र आणण्यासाठी होती. आपली मागणी काय आहे हे अडीच लाख लोकांना त्यांनी जाहीरपणे ऐकवले. व्हिटेकर गिऱ्हाइकाला बांधलेले होते आणि त्यांची आखणी लोकांना विचार करण्यापासून परावृत्त करण्यासाठी होती. पक्षाने माणूस निवडताना हीच कसोटी लावावी : हा माणूस कोणाला जबाबदार आहे, आणि त्याचे काम उघड झाले तर ते बळावेल की कोसळेल?

भारतातील वाट

भारतात ही पोकळी कायद्याच्या आडोशानेही वाढली. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खर्चमर्यादेत धरावा असा निर्णय दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो निष्प्रभ करण्यात आला. आज मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, परंतु पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. २०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांनी देणगीदारालाही पडद्याआड बसवले. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. जेथे पैशाला सीमा नाही तेथे पैशाचे लोकमतात रूपांतर करणारा कारागीर येणारच. तथापि त्याची मर्यादाही दिसून आली आहे. अनेक पक्षांना यश मिळवून देणारे प्रशांत किशोर यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी स्वतःचा जनसुराज पक्ष स्थापन केला. त्याआधी ते बिहारात गावोगाव पायीही फिरले होते. २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. आखणी संघटनेला धार देते. ती संघटनेची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राला याचे उलट उदाहरणही ठाऊक आहे. १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणीच्या कारावासातून नुकतेच सुटलेले कार्यकर्ते, रिकामी तिजोरी आणि अवघ्या दोन महिन्यांचा अवधी, अशा स्थितीत मृणाल गोरे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हा घरोघरी पोहोचली. ती सोपी होती, ती पुन्हा पुन्हा उच्चारली गेली, तिच्यात हल्लाही होता. व्हिटेकर यांचे निम्मे नियम तिने पाळले असे म्हणता येईल. परंतु तिच्या पहिल्या शब्दामागे गोरेगावच्या वस्त्यांत पाण्याच्या नळासाठी केलेला वर्षानुवर्षांचा झगडा होता. ऐकणाऱ्या बाईला ती समजावून सांगावी लागत नव्हती, कारण समजावण्याचे काम निवडणुकीपूर्वीच होऊन गेले होते.

कार्यकर्त्याने काय करावे, याचे उत्तर येथेच आहे. ‘जितके समजवावे तितके हरावे’ हा नियम मतदानाआधीच्या सहा आठवड्यांपुरता बहुधा खरा आहे. म्हणून समजावण्याचे काम त्या सहा आठवड्यांवर टाकता कामा नये. ते उरलेल्या पाच वर्षांचे काम आहे. १९४५ मध्ये शेकडो लहान संपादकांच्या दारात कंत्राटदाराची माणसे गेली, विमा योजनेची माणसे तितक्या संख्येने गेली नाहीत. तालुक्याच्या पत्राचा संपादक, शिक्षक, परिचारिका, रेशन दुकानासमोर उभी असलेली रांग, यांच्याकडे जाण्यास पैसा लागत नाही, पाय लागतात. विरोधकाचे वाक्य मूळ ठिकाणी जाऊन तपासावे आणि स्वतःच्या नेत्याचेही तपासावे. पक्षाने निवडणुकीचा हिशेब, कोणाकडून आले व कोठे गेले, शाखेच्या फळ्यावर लावावा. अंकगणित जाणणारा, मतदारयादी वाचणारा, छापील मजकूर नेटका करणारा माणूस पक्षात जरूर असावा. पण तो शाखेच्या बैठकीत बसणारा आणि शाखेला उत्तर देणारा असावा.

सिंक्लेअर यांच्या योजनेत दोष नव्हते असे नाही. ते दोष दाखवून तिचा पराभव झाला असता तर लोकशाहीची हानी झाली नसती. तिच्यावर चर्चाच होऊ दिली गेली नाही, ही हानी होय. समाजवादी पक्षाने जिंकण्यासाठी तोच मार्ग धरला तर एखादी जागा कदाचित हाती येईल. परंतु निवडून आलेला माणूस ज्या लोकांच्या बळावर दारिद्र्याशी झुंज द्यायची ते लोक मागे ठेवूनच सभागृहात जाईल. नळाच्या रांगेत उभी असलेली बाई आपल्या मागणीचा हिशेब स्वतः मांडू लागते, तेव्हाच पक्षाच्या निवडणुकीचे निम्मे काम पुरे होते. उरलेले निम्मे कोणत्याही दक्ष शाखेला करता येण्याजोगे आहे.